आगीतून आलेली मळी

रायगडमधील डोलवीच्या पोलाद कारखान्याची मळी, म्हणजे स्लॅग, वापरून मुंबई-गोवा महामार्गाचा सुमारे एक किलोमीटरचा पट्टा बांधण्यात आला. पण भट्टीतून निघालेला माल केवळ रस्त्याखाली गाडून टाकणे हा त्याचा निम्माच उपयोग झाला. आगीशी सामना असेल तिथे त्याचा खरा कस लागतो.

झोतभट्टीत लोखंडाच्या रसावर तरंगणारी मळी सुमारे दीड हजार अंशांवर असते. तिच्यावर पाण्याचा जोरदार झोत सोडला की काचेरी, वाळूसारखे दाणे बनतात. तेच दळून साध्या सिमेंटमध्ये मिसळले की स्लॅग सिमेंट तयार होते. भारतीय मानकानुसार त्यात 25 ते 70 टक्के स्लॅग चालतो.

साध्या सिमेंटच्या काँक्रीटमध्ये विरलेला चुना उरतो. 400 ते 500 अंशांच्या दरम्यान त्यातले पाणी उडून कळीचा चुना होतो. आग विझवताना पाणी पडले किंवा नंतर दमट हवा लागली की तो पुन्हा फुगतो आणि आगीत तगलेला खांब पुढच्या काही दिवसांत तडकू लागतो. स्लॅग सिमेंटमधला स्लॅग हा चुना आधीच बराचसा खाऊन टाकतो. आपल्याकडच्या काळ्या दगडाची खडी आगीत बऱ्यापैकी टिकते; सुधारणा हवी आहे ती सिमेंटमध्ये.

मात्र मळी म्हणजे सरसकट एकच वस्तू नव्हे. पोलाद बनवताना निघणाऱ्या स्लॅगमध्ये मोकळा चुना असतो. तो पुरेसा मुरवला नाही तर बांधकामच फुगते. म्हणूनच 2016 च्या भारतीय मानकाने सळईच्या काँक्रीटमध्ये या स्लॅगची खडी वापरू दिलेली नाही. ती बंदी योग्यच. शिवाय स्लॅग सिमेंट सावकाश घट्ट होते, त्यावर जास्त दिवस पाणी मारावे लागते. घाईतल्या कंत्राटदाराला ते नको असते, आणि आपल्याकडे घाई कुणाला नसते?

त्यामुळे स्लॅग सिमेंट वापरण्याचा निर्णय कंत्राटदाराच्या मर्जीवर सोडता येणार नाही. रुग्णालये, गोदामे, वीज उपकेंद्रे यांच्या निविदांत सार्वजनिक बांधकाम खात्याने स्लॅग सिमेंटची अट घालावी आणि पाणी मारण्याचे वाढीव दिवसही कामाच्या मुदतीत धरावेत.