विश्लेषण : सुरक्षा परिषदेच्या सुधारणांचे घोडे नेमके अडते कुठे?

संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत कुणी व्हेटो वापरला, की समाजमाध्यमांवर आपल्याकडे एक प्रश्न हमखास येतो : भारताला कायमस्वरूपी जागा कधी? उत्तरादाखल बोट बहुतेक वेळा चीनकडे दाखवले जाते. ते चूक नाही, पण अपुरे आहे. ज्या वाटाघाटींतून हा निर्णय व्हायचा, त्यांच्या टेबलावर सर्वांनी मिळून काम करावे असा एक मसुदाच नाही. मला खरी अडचण ही वाटते.

विस्तार एकदाच कसा झाला?

१९४५ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे ५१ सदस्य होते, आज १९३ आहेत. परिषदेत जागा फक्त १५ : पाच कायम आणि दोन वर्षांसाठी निवडून आलेल्या दहा. आफ्रिकेतल्या ५४ देशांपैकी एकही कायम सदस्य नाही.

मुळात परिषद ११ जणांची होती. डिसेंबर १९६३ मध्ये अस्थायी जागा सहावरून दहा करण्याचा ठराव आमसभेत मताला आला. फ्रान्स आणि सोव्हिएत युनियन विरोधात गेले. अमेरिका व ब्रिटन तटस्थ राहिले. पाच बड्यांपैकी ठरावाच्या बाजूने होता तो फक्त चीन, म्हणजे तेव्हा ती जागा सांभाळणारे तैवानमधले सरकार. तरीही ९७ मतांनी ठराव मंजूर झाला. सनदेत बदल करायचा तर कलम १०८ नुसार दोनतृतीयांश सदस्यांची आणि पाचही कायम सदस्यांची मान्यता लागते. १९६५ पर्यंत तीही मिळाली. विरोधात मत देणाऱ्या दोघांनीही ती दिली!

बड्यांचा नकार बदलू शकतो, तो असा. मात्र त्यासाठी समोर लेखी ठराव होता आणि त्यावर मोजलेली मते होती.

आता काय चालते?

भारतासह काही देशांनी १९७९ मध्ये हा विषय पुन्हा आमसभेच्या पटलावर आणला. १९९३ मध्ये कार्यगट नेमला गेला, २००९ पासून ‘आंतरसरकारी वाटाघाटी’ सुरू झाल्या. या बैठका अनौपचारिक असतात. मतदान होत नाही. देश आपापली भूमिका वाचून दाखवतात आणि सत्र संपताना विषय पुढच्या वर्षावर ढकलला जातो. इंजिनिअरिंगच्या ग्रुप प्रोजेक्टमध्ये सगळे भरभरून बोलायचे आणि रिपोर्टची फाइल कुणीच उघडायचे नाही, त्याची आठवण होते.

फाइल एकदा उघडली होती. २०१५ मध्ये जमैकाचे राजदूत कोर्टनी रॅट्रे यांनी देशांच्या लेखी भूमिका एका दस्तऐवजात एकत्र केल्या. अमेरिका, रशिया आणि चीन यांनी त्यात आपला मजकूर देणे टाळले. पुढे तो दस्तऐवज बाजूलाच पडला. बैठकीचा सुरुवातीचा भाग वेबवर दाखवणे आणि कागदपत्रे संकेतस्थळावर ठेवणे सुरू व्हायला २०२३ उजाडले. एवढ्या साध्या गोष्टीला चौदा वर्षे लागली.

विरोधकांचे म्हणणे खोटे आहे का?

इटली, पाकिस्तान आदी देशांच्या गटाचे म्हणणे असे, की घाईने मसुदा आणला तर फूट पडेल, म्हणून आधी सहमती हवी. मतभेद खरे आहेत. आफ्रिकी देशांना व्हेटोसह कायम जागा हव्यात. भारत, जपान, जर्मनी व ब्राझील यांचा ‘जी-४’ गट नव्या सदस्यांनी पुढच्या आढाव्यापर्यंत व्हेटो वापरू नये इथपर्यंत यायला तयार आहे. पण हे मतभेद कागदावर न उतरवता मिटणार कसे? लिहिलेल्या वाक्यात दुरुस्ती सुचवता येते, भाषणात नाही. लिखित मसुदा नसला की नकाराची जबाबदारीही कुणाच्या नावावर येत नाही.

भारत मसुद्याचा आग्रह धरतो, ते योग्यच आहे. मग व्हेटोवर आफ्रिकेशी आपण कुठे जुळवून घेणार, हेही आपण लिहून द्यायला हवे. त्याबाबत आपल्याकडे फारसे बोलले जात नाही.

२०२० मध्ये अस्थायी जागेसाठी भारताला १९२ पैकी १८४ मते मिळाली होती. हा आकडा अभिमानाने सांगितला जातो. ते गुप्त मतदान होते आणि आशिया-प्रशांत गटाच्या त्या जागेवर दुसरा उमेदवार नव्हता. सनद बदलायला १२९ मते लागतील, पण ती कशावर मागायची तो कागद अजून तयार नाही.