‘जरा सोस’ म्हणण्याआधी

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या शेजारच्या वहिनी अगदी गप्प गप्प होत्या. एरवी ‘आमची डॉक्टर’ म्हणून लेकीचं कौतुक सांगताना त्यांचं तोंड दुखत नाही. मुलगी एका मेडिकल कॉलेजात एमडीच्या पहिल्या वर्षाला आहे. सगळ्या बायका गेल्यावर हळूच म्हणाल्या, “ताई, काल तिचा फोन आला, नुसती रडत होती. आदल्या दिवशी सकाळी आठला वॉर्डात गेलेली, ती काल संध्याकाळी सुटली. आणि मी काय म्हटलं, तर ‘अगं, सगळेच डॉक्टर यातून जातात, जरा सोस.’ तिनं फोनच ठेवला हो.”

मैत्रिणींनो, खरं सांगा, आपणही हेच म्हटलं असतं ना? आपल्याला आईनं हेच शिकवलं, तिला तिच्या आईनं.

पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टरनं रक्ताचे नमुने काढायचे, रिपोर्टमागे धावायचं, केसपेपर लिहायचे, नातेवाइकांचा आरडाओरडा ऐकायचा आणि वर सीनियरची बोलणी खायची. अभ्यास उरलेल्या वेळात. केंद्र सरकारच्या १९९२ च्या निवासी डॉक्टर योजनेत कागदावर काय आहे? साधारणपणे आठवड्याला ४८ तास काम आणि सलग १२ तासांपेक्षा जास्त नाही. पुढे २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती दलानं शिफारस केली, की आठवड्याला ७४ तासांहून जास्त काम नको आणि एक सुट्टी हवीच. म्हणजे बत्तीस वर्षांत आपण ४८ वरून ७४ वर आलो, आणि याला सुधारणा म्हणायचं! त्याच अहवालासाठी केलेल्या पाहणीत पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी सुमारे ३१ टक्के मुलांनी मनात आत्महत्येचे विचार आल्याचं सांगितलं. दहातली तीन मुलं. वाचून माझ्या पोटात गोळाच आला.

या अशा थकून जाण्याला ‘बर्नआउट’ म्हणतात. अंगातलं त्राण जातं, कामाबद्दल तिटकारा येतो, ‘मला काही जमत नाही’ असं वाटायला लागतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये स्पष्ट केलं, की हा आजार नव्हे. कामाच्या ठिकाणचा ताण दिवसेंदिवस तसाच राहिला, की त्यातून ही अवस्था येते. म्हणजे मूळ दुखणं ड्यूटीच्या तक्त्यात आहे, पोरीच्या स्वभावात नाही. पण उपाय मात्र पोरीवरच! या मुलीच्या कॉलेजात ताणमुक्तीचं शिबिर घेतलं, तेही नाइट ड्यूटी झालेल्यांना सक्तीनं बसवून. योग चांगलाच, मी स्वतः रोज करते. पण ज्याला झोप हवी त्याला प्राणायाम देऊन कसं चालेल?

मुलं तग धरतात ती साध्या गोष्टींवर. ‘जेवलीस का?’ विचारणारा एखादा सीनियर, पहिला पेशंट डोळ्यांदेखत गेल्यावर चार शब्द बोलणारे सर, अंग टाकायला कडी लागणारी एक खोली. हे कॉलेजनंच द्यायला हवं, आणि पालकांनी ते मागायला हवं. फी भरताना रांगेत उभे राहतो, मग डीनना ड्यूटीचे तास विचारायला कसली भीड? मुलांना घरी बोलता येत नसेल, तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे. फुकट आहे, रात्री-अपरात्रीही लागतो आणि मराठीतूनही बोलता येतं.

वहिनींनी त्याच रात्री लेकीला परत फोन लावला. म्हणाल्या, “मी काही सांगत नाही, तू बोल.” पाऊण तास ती बोलत होती.

गेल्या आठवड्यात मुलगी दोन दिवस घरी आली. पहिला दिवस नुसती झोपली. वहिनींनी जेवायलासुद्धा उठवलं नाही. ‘डॉक्टर आलीय’ कळताच गल्लीतल्या दोघीतिघी गुडघे दाखवायला गेल्या, त्यांना वहिनींनी दारातूनच परत पाठवलं. त्यात बीपीचा कागद घेऊन मीही होते.