वादात न पडणारे

“आपण माळकरी, वादात पडू नये,” असे माटुंग्याहून वडाळ्याच्या विठ्ठलाला दिंडीने जाणारे आपलेच भजनकरी म्हणतात. हात उचलू नये, हे खरेच. पण तोंडही उघडू नये, हे कोणत्या संतांनी सांगितले?

मे १९४७. अस्पृश्य ठरवलेल्या भाविकांना पांडुरंगाचे दार उघडावे म्हणून साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले. त्यांनी कोणावर दगड उचलला नाही. बाजू मात्र उघड घेतली. तनपुरे महाराजांनी त्यांना आपल्या मठात जागा दिली, तीही बाजूच! तेव्हा ‘आम्ही दोघांचेही’ म्हणत जे टाळ कुटत राहिले असतील, त्यांचे मौन कोणाच्या उपयोगी पडले? कुलूपवाल्यांच्याच.

चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेर आहे. तिला हात जोडून आपण आत जातो. ते बाहेर का राहिले, एवढे विचारणेही वादच का, माउली?