शांत करणारी गोळी माणसाला अंगावर का घालते?

अनगोळ : गल्लीत मारामारी झाली की दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर निकाल तयार असतो, 'पोरगं दारू प्यालं होतं.' पण खिशात गोळ्यांची स्ट्रिप होती का, हे कुणी विचारत नाही.

मालेगावात अल्प्राझोलमला 'कुत्ता गोळी' म्हणतात, छत्रपती संभाजीनगरात नशेच्या गोळ्यांना 'बटन'. दोन्हीकडे पोलिसांनी वेळोवेळी कारवाया केल्यात. केंद्राच्या २०१९ च्या पाहणीत देशातले सुमारे १.१८ कोटी लोक अशी औषधं सल्ल्याविना घेत असल्याचा अंदाज होता. मुळात ही औषधं बेचैनी आणि निद्रानाशावरची. मग ती घेऊन माणूस भांडतो कसा?

ही गोळी भीती कमी करते. डॉक्टरांच्या सल्ल्याने घेणारा बहुधा शांत झोपतो. पण डोस जास्त, वर दारू आणि स्वभाव तापट असेल, तर भीतीबरोबर लाज आणि विचारही सुटतो. स्वीडनमध्ये सुधारगृहातल्या मुलांवरचा एक अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. फ्लुनिट्राझेपाम दारूबरोबर घेतलं की ताकद आल्यासारखं वाटतं, भीती जाते आणि नंतर काही आठवत नाही, असं त्यात दिसलं.

म्हणून 'काय घेतलं' इतकाच 'कशासाठी घेतलं' हा प्रश्न मोठा. झोपेसाठी घेणारा वेगळा, हिंमतीसाठी घेणारा वेगळा. दुसऱ्याच्या मनात राग आधीच असतो, गोळी फक्त वाट मोकळी करते. आणि सकाळी आठवतच नसेल तर पश्चात्ताप कशाचा होणार?

कायदा आहे. १ मार्च २०१४ पासून अल्प्राझोलम, नायट्राझेपाम शेड्युल एच-१ मध्ये आहेत. मेडिकलवाल्याने डॉक्टर, रुग्ण, औषध आणि संख्या वेगळ्या वहीत लिहायची, वही तीन वर्षं जपायची. पण अनगोळ कर्नाटकात, शिनोळी महाराष्ट्रात. निपाणी इकडे, कागल तिकडे. औषध प्रशासन दोन. चिठ्ठीची झेरॉक्स दोन्हीकडे फिरली तर या वह्या एकमेकींशी बोलणार कशा? दोन्ही खात्यांनी सीमेवरच्या तालुक्यांपुरती तरी नोंदींची देवाणघेवाण सुरू करावी.

पोरांनी एक हिशेबही ध्यानात ठेवावा. एनडीपीएस कायद्यात अल्प्राझोलमची 'अल्प मात्रा' ५ ग्रॅम. सुप्रीम कोर्टाच्या एप्रिल २०२० च्या निकालानुसार वजन शुद्ध औषधाचं नव्हे, अख्ख्या मिश्रणाचं धरतात. एक गोळी १०० मिलीग्रॅमची धरली तर ५० गोळ्यांतच ५ ग्रॅम भरले. त्यापुढे शिक्षा एका वर्षावरून दहा वर्षांपर्यंत जाऊ शकते. 'मित्रासाठी आणल्या' हे तिथं चालत नाही.

घरच्यांसाठी दोन गोष्टी. आजीच्या गोळ्या उघड्या कपाटात ठेवू नका, अधूनमधून मोजा. आणि पोराला सवय लागल्याचं कळलं तर रागाच्या भरात स्ट्रिप गटारात टाकू नका. बऱ्याच दिवसांची गोळी एकदम बंद केली तर फिट येऊ शकते. ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच हळूहळू कमी करायची. बेळगावचं जिल्हा रुग्णालय आणि धारवाडची डिमहान्स जवळ आहेत. फोनवर बोलायचं तर टेलीमानस १४४१६, व्यसनमुक्तीसाठी १४४४६. हे दोन्ही नंबर सीमेच्या अलीकडे-पलीकडे सारखेच लागतात.