आयर्विनची पातळी कळते, शाळा सुटलेली कळत नाही

जुलै-ऑगस्टमध्ये सांगलीत कुणालाही विचारा, "पाणी किती?" उत्तर फूट-इंचात मिळतं. रिक्षावाले काका असोत, भडंगवाले असोत, नाहीतर कट्ट्यावरचे आजोबा. "बत्तीस फूट सात इंच. पण कोयनेतून वाढवलंय, सकाळपर्यंत चढेल." आयर्विन पुलाखाली ४० फूट म्हणजे इशारा आणि ४५ म्हणजे धोका, हे इथल्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ होतं. कोयना धरण तिकडं सातारा जिल्ह्यात, पाटण तालुक्यात. दरवाजे किती फुटांनी उचलले, किती क्युसेक पाणी सोडलं, ही बातमी कऱ्हाडला आणि तिथून सांगलीला पाण्याच्या आधी पोचते.

आता आमच्या घरची गोष्ट सांगते. मी शिकायला साताऱ्यात, घर पलूस तालुक्यात. धाकटा भाऊ सातवीला, गावापासून सहा किलोमीटरवरच्या हायस्कूलमध्ये. गेल्या पावसाळ्यातल्या एका बुधवारी साडेचारला आईचा फोन आला. "अगं, शेजारचा पोरगा दुपारपासून घरी आलाय म्हणे. आपला बारक्या कुठंय?" शेजारचा पोरगा त्याच्याच वर्गातला. ओढ्याला पाणी यायला लागलं म्हणून शाळा दुपारी सव्वाबाराला सोडली होती. त्या पोराचा काका मोटरसायकलवरून येऊन त्याला घेऊन गेला. बारक्याला घ्यायला कुणीच गेलं नाही, कारण कुणाला माहीतच नव्हतं. बाबा कंपनीत, आणि तिथं शिफ्ट संपेपर्यंत फोन लॉकरमध्ये. आई रानात. मी साताऱ्यात बसून सरांना फोन लावत होते. सहाव्यांदा उचलला. सर शांतपणे म्हणाले, "ग्रुपवर टाकलं होतं की सव्वाबारालाच."

खरं होतं. टाकलं होतं.

बारक्या फाट्यावर होता. दुपारची एसटी आलीच नव्हती. फाट्यावरच्या टपरीवाल्या काकांनी त्याला आत बाकड्यावर बसवलं, एक वडापाव दिला, आणि सव्वापाचच्या गाडीत चढवून कंडक्टरला सांगितलं, याला नीट उतरवा. काही झालं नाही. सहाला पोरगं घरी. आईनं आधी पाठीत धपाटा घातला, मग जवळ घेतलं. पण मला तेव्हापासून हे 'काही झालं नाही' टोचतंय. चार तास बारा वर्षांचा मुलगा कुठं आहे, हे शाळेला माहीत नव्हतं आणि घरालाही. मधे होते फक्त ते टपरीवाले काका, आणि ते भले निघाले हे आमचं नशीब.

'टाकलं' आणि 'कळलं' यात फरक आहे. नदीच्या बाबतीत आपण हा फरक जीव गमावून शिकलोय. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विनला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, आमच्याच तालुक्यात ब्रह्मनाळला माणसांनी भरलेली बोट उलटली. २०२१ ला पुन्हा पन्नाशी ओलांडली. त्यामुळं आता पाणी वाढलं की कुणी नुसतं 'ग्रुपवर टाकून' मोकळं होत नाही. गावात गाडी फिरते, भोंगा वाजतो, तलाठी, पोलीस पाटील दारात येतात. आणि मुख्य म्हणजे पातळी रोज सांगतात. पाणी बारा फुटांवर असतानाही सांगतात. म्हणून चाळीसला पोचतं तेव्हा लोक घाबरतात कमी आणि आवरायला लागतात जास्त. शाळेकडून घरी येणारी माहिती अशीच असायला हवी, एवढंच माझं म्हणणं आहे. रोजची, ठरलेल्या वेळेची, काही झालं नसतानाही येणारी, आणि पोचली की नाही ते पाहणारी.

हा प्रश्न पाचवी ते आठवीच्या पोरांचाच का, असं तुम्ही विचाराल. तुमचं स्वतःचं आठवा. चौथीपर्यंत गावातली जिल्हा परिषदेची शाळा. गुरुजींना आपलं घर माहीत, आई माहीत, म्हैस कधी व्याली तेही माहीत. दोन दिवस गेला नाहीत तर पारावर बाबांना विचारायचे. पाचवीला हायस्कूल. परगावी. साताऱ्या-सांगलीकडं रयतसारख्या संस्थांमुळं हायस्कूलं गावोगाव पोचली, हे आपलं भाग्यच. पण तिथं विषयागणिक वेगळे सर, वर्गात साठ पोरं, आणि घरातलं कुणी वर्षातून दोनदा गेलं तर गेलं. याच वयात पोर एकटं प्रवास करायला लागतं. सरकारलाही हे माहीत आहे. अहिल्याबाई होळकर योजनेतला मुलींचा मोफत एसटी पास पाचवीपासूनच सुरू होतो. आणि नेमकं याच वयात पोर घरी सांगायचं बंद करतं. "आज काय झालं शाळेत?" "काही नाही." म्हणजे शाळा आणि घर यांच्यात बातमी नेणारी दोन माणसं, गुरुजी आणि पोर, दोघंही एकदमच गळतात.

पिवळ्या स्कूलबससाठी राज्यात २०११ पासून नियमावली आहे, शाळेत परिवहन समिती असावी असंही त्यात आहे. आमची पोरं येतात लालपरीनं. तिची वेळ बदलली, फेरी रद्द झाली, तर पालकांना कोण सांगणार?

बदलापूरचं तुम्ही विसरला नसाल. ऑगस्ट २०२४. त्यानंतर २१ ऑगस्टला शालेय शिक्षण विभागाचा शासन निर्णय आला. सीसीटीव्ही बसवा, त्याचं फुटेज नियमित बघा, कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी करा, तक्रारपेटी लावा, सखी सावित्री समिती नेमा, काही अनुचित घडलं तर २४ तासांत वरिष्ठांना कळवा. सगळं योग्यच आहे. मी आमच्या भागातल्या दोन मुख्याध्यापकांना भेटले आणि विचारलं, वर कळवायला २४ तास, मग घरी कळवायला किती? दोघंही म्हणाले, "ताबडतोब, अर्थातच." कसं कळवणार? "ग्रुप आहे ना."

मग घरी आईला विचारलं, सखी सावित्री समिती माहितेय का? म्हणाली, "कुठल्या वाडीचा बचत गट?" हसू आलं, पण खरंतर हसण्यासारखं नाही. ज्या सावित्रीबाईंचं नाव त्या समितीला आहे, त्या आपल्याच सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या. त्या समितीत कोण बाई आहेत, त्यांना कुठं गाठायचं, हे सातवीतल्या मुलीच्या आईला माहीत नसेल तर ती समिती कागदावरच राहणार. शाळा व्यवस्थापन समितीचंही तेच. शिक्षण हक्क कायद्यानुसार तिच्यात ७५ टक्के सदस्य पालक हवेत, त्यातही निम्म्या महिला. पण मिटिंग कामाच्या दिवशी दुपारी. भांगलणीचा रोजगार बुडवून कोण जाणार? सहीला रजिस्टर घरी येतं, तेव्हा आई सही करते. मीच तिला शिकवलंय कुठं करायची ते.

आता सरांची बाजू. माझी मावशी कोरेगाव तालुक्यात शिक्षिका आहे. तिच्यासमोर हे सगळं बोलले तर ती उखडलीच. पोषण आहाराच्या नोंदी, निवडणुकीची कामं, सर्व्हे, रोज एक नवं ॲप, आणि वर ग्रुपवर रात्री साडेदहाला "मॅडम उद्या गणवेश का साधे कपडे?" तिचं म्हणणं, आम्ही सांगतो ते वाचत नाहीत आणि न सांगितलेलं विचारतात. शिवाय भीती आहे. सहावीतला पोरगा जिन्यावरून पडला, दोन टाके पडले, हे शाळेनं आपणहून सगळ्या पालकांना सांगितलं तर दुसऱ्या दिवशी गेटवर गर्दी. आणि गर्दीबरोबर आम्ही. हो, आम्ही पत्रकार. 'शाळेचा भोंगळ कारभार' हा मथळा आमच्याकडं तयारच असतो. मी इंटर्न आहे, चार महिन्यांत हे मी पाहिलंय. त्यामुळं शाळा गप्प बसते, याचं थोडं खापर आमच्याही डोक्यावर फुटायला हवं.

पण शाळा गप्प बसली म्हणून गाव गप्प बसत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये जत तालुक्यातल्या लवंग्यात काय झालं आठवतंय? उत्तर प्रदेशातले चार साधू पंढरपूरला निघाले होते. त्यांनी एका पोराला रस्ता विचारला. मुलं पळवणारी टोळी आली म्हणून गावकऱ्यांनी त्यांना काठ्या-पट्ट्यांनी मारलं. त्या दिवसांत तसले मेसेज सगळीकडं फिरत होते. आयर्विनला ५० फूट पाणी झालं असा खोटा मेसेज आला तर सांगलीकर दोन मिनिटांत खोडून काढतो, कारण खरा आकडा कुठं मिळतो ते त्याला ठाऊक असतं. "अमक्या शाळेच्या गेटवरून पोरगं उचललं" हा मेसेज आला तर खरं काय ते कुठं बघायचं? कुठंच नाही. पावसाळ्यात जिल्हाधिकाऱ्यांचं सुट्टीचं जुनं पत्र तारीख बदलून फिरतं, तेही म्हणूनच चालतं.

काय करता येईल, याला पैसे लागत नाहीत. फक्त ठरवावं लागतं. दर सोमवारी सकाळी चार ओळी: या आठवड्यात शाळा कधी भरणार, कधी सुटणार, काय बदल आहे, काही घडलं असेल तर काय घडलं आणि आता ते पोर कसं आहे. पोराचं नाव नको, पण घटना हवी. त्याच चार ओळी गेटच्या फळ्यावर खडूनं. कारण सगळ्यांकडं फोन नसतो, आणि फळ्यावरचं फॉरवर्ड करता येत नाही. आजीसाठी आवाजी मेसेज. जतच्या पूर्व भागात कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत, तिथं घरातली बाई मराठी वाचत नसेल तर तो मेसेज कन्नडमध्ये. आणि शाळा मधेच सोडायची असेल तर मेसेज नाही, फोन. घरून 'हो' आल्याशिवाय एकट्याला फाट्यावर पाठवायचं नाही.

नंबरचा घोळ तर भयंकर आहे. बहुतेक शाळांत एका पोरामागं एकच नंबर, तो वडिलांचा. विटा, खानापूर, आटपाडीकडची किती घरं गलाईच्या धंद्यात आहेत तुम्हाला माहितेय. बाप सोनं गाळायला तमिळनाडूत नाहीतर केरळात, शाळेचा मेसेज त्याला दुकानात मिळतो, आणि पोर ज्या घरी येणार त्या घरात आजी बसलेली. माणदेशातली, साताऱ्याकडची कितीतरी माणसं मुंबईत. तिथंही हेच. एका पोरामागं तीन नंबर हवेत, आणि त्यातला एक तरी अशा माणसाचा जो त्या वेळी गावात असतो.

आता तुमच्याशी थोडं वेगळं बोलते. ही पुरवणी वाचणारे तुम्ही बहुतेक माझ्याच वयाचे. सातवीतल्या पोराचे आईबाप नाही, ताई-दादा. घरातल्या सगळ्या फोनचं सेटिंग आपल्या हातात असतं. आईला ॲप टाकून कोण देतं? ग्रुपमध्ये ॲड कोण करतं? आपणच. त्या बुधवारी मी सरांवर खूप चिडले होते. आपल्या मथळ्यात बसेल असं वाक्यही मनात जुळवलं होतं. शनिवारी घरी गेले, आईचा फोन हातात घेतला. सातवी 'ब' चा पालक ग्रुप तिच्याही फोनमध्ये होता. दिवाळीत मीच तिला त्यात घेतलं होतं, आणि फुलांचे सुप्रभात येतात म्हणून मीच तो म्यूट करून अर्काइव्हमध्ये टाकला होता. सरांचा मेसेज तिथं होता. बारा वाजून सतरा मिनिटं.

आईला मी अजून हे सांगितलेलं नाही. आता वाचेल.

त्या रविवारी आम्ही बसून एक कागद केला. बारक्याच्या कंपासपेटीत घडी घालून ठेवलाय. एक प्रत वर्गशिक्षकांना दिली, त्यांनी ती हजेरीपटात लावून घेतली, चहाही पाजला. कागदावर चार नंबर आहेत. आईचा, शेजारच्या काकूंचा, बाबांच्या कंपनीच्या गेटचा. सगळ्यात वर टपरीवाल्या काकांचा, कारण बारक्या म्हणाला, "ते पहिल्या रिंगला उचलतात."