ताटातील डावी बाजू

जेवणासोबत कोणती वाइन घ्यावी, हा प्रश्न नाशिकच्या द्राक्षांमुळे आता आपल्याकडेही विचारला जातो. माझे उत्तर नीरस आहे: मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यास सुरक्षित नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. बदनापुरात मात्र जेवणाचा खरा सोबती चहा, आणि मला चिंता त्याचीच अधिक वाटते.

बाजरीची भाकरी, मेथीची भाजी, येथील कृषी संशोधन केंद्राच्या ‘बीडीएन ७११’ तुरीचे वरण, या साऱ्यांत लोह असते. परंतु वनस्पतिजन्य लोह शरीरात सहजी शोषले जात नाही. चहातील टॅनिन त्यास आतड्यातच अडवते, तर ‘क’ जीवनसत्त्व त्याचे शोषण वाढवते. म्हणून डाव्या बाजूची लिंबाची फोड शोभेची समजू नये. लिंबू जेवतानाच पिळावे. शिजवताना ते जीवनसत्त्व बरेचसे नष्ट होते. पेरू किंवा जालन्याची मोसंबीही चालेल, पण फोडी खाव्यात. रस नको, मधुमेह्यांनी तर नकोच. चहा जेवणानंतर तासाभराने घ्यावा.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. थकव्याची तक्रार घेऊन माझ्याकडे येणाऱ्या अनेकजणी सर्वांना वाढून झाल्यावर जेवतात. तोवर लिंबू संपलेले असते. त्यांची फोड आधीच बाजूला काढून ठेवावी. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या असतील, तर त्या मात्र लिंबाच्या भरवशावर थांबवू नयेत.