घरी राहा, पण कुणाच्या?



१८९७ चा साथरोग कायदा प्लेगसाठी आला. पुण्यात गोरे सोजीर घराघरांत शिरले, परक्या पुरुषांनी बायकांची अंगे तपासली. परिणाम? लोक आजारी माणूस लपवू लागले. रँडचा खून आपल्याला पाठ असतो; पण त्याच वर्षी पंडिता रमाबाईंनी प्लेगच्या इस्पितळातल्या मुलीची परवड वर्तमानपत्रातून चव्हाट्यावर मांडली, हे फारसे कुणी सांगत नाही.

तोच कायदा २०२० मध्ये पुन्हा बाहेर निघाला, जोडीला २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा. २४ मार्चला रात्री आठला घोषणा, बाराला टाळेबंदी. ‘घरी राहा, सुरक्षित राहा.’ साथ रोखायला काहीतरी करणे भागच होते, याबद्दल वाद नाही. पण घर म्हणजे सुरक्षित जागा, हे कुणी ठरवले? मार खाणाऱ्या बाईला माहेरी जायला एस.टी. नव्हती, शेजारणीच्या दारात उभे राहायची सोय नव्हती. राष्ट्रीय महिला आयोगाने एप्रिलमध्ये तक्रारीसाठी व्हॉट्सॲप क्रमांक दिला. चांगलेच केले. मात्र घरात मोबाइल एकच, तो नवऱ्याच्या खिशात, आणि नवरा दिवसरात्र त्याच दहा बाय दहाच्या खोलीत! मे महिन्यात दारूची दुकाने उघडायला मुभा मिळाली, तेव्हा शाळा बंदच होत्या. अनेक मुलींची शाळा तिथेच संपली आणि लग्ने लागली.

जनधन खात्यात बाईला महिना ५०० रुपये, तेही तीनच महिने. धुणेभांडी करणारीचे काम बुडाले; तिचे खाते जनधनचे नसेल तर तेवढेही नाही. आशाताई दारोदार फिरल्या. सरकारी भाषेत त्या ‘स्वयंसेविका’, म्हणून पगार नाही, मानधन. जून २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या आशांना संपावर जावे लागले. (टाळ्या-थाळ्या वाजवून झाल्या होत्या.)

हे ‘अनपेक्षित’ परिणाम म्हणे. कुणाला अनपेक्षित? वस्तीतल्या कुठल्याही बाईला विचारले असते तर तिने आधीच सांगितले असते.

२००५ च्या कायद्यानुसार जिल्ह्याचा आपत्ती आराखडा दरवर्षी तपासायचा असतो, आणि प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. आपापल्या गटाने तो मागून घ्यावा. त्यात संरक्षण अधिकारी, निवारागृह, गर्भपात आणि बाळंतपणाची सेवा बंदच्या काळात सुरू राहील असे लिहिले आहे का, कार्यकर्तीला फिरायचा पास कोण देणार, हे पाहावे. नसेल तर लेखी मागणी द्यावी आणि पोच घ्यावी. पुढच्या अंकासाठी त्या पोचेची प्रत आम्हाला पाठवा.